कपाट की बेडूक

तिला गाडी हवी होती. केक पोचवायला आणि मावशीला दवाखान्यात न्यायला, रोजच्या रोज. भाड्याच्या व्हॅनला ती विटली होती. व्हॅनचा ड्रायव्हर तसा भला माणूस, पण प्रत्येक गतिरोधक त्याला अंगावर आल्यावरच दिसायचा, आणि मागे तीन थरांचा केक धरून बसलेली ती डोळे मिटून दात आवळायची. मोठी गाडी दुकानामागच्या गल्लीत वळायची नाही, छोट्या गाडीत केकचा खोका उभा राहायचा नाही. मग छोटी एसयूव्ही घ्यायची ठरली, आणि बघता बघता दोनच गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली.

मावशीने फोनवर दोन्हींचे फोटो पाहिले आणि लगेच नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी. एक करडी, सरळ पाठीची, चारी अंगांनी चौकोनी. "हे कपाट," मावशी म्हणाली. दुसरी निळी, गोल दिव्यांची, नाकाशी फुगलेली. "आणि हा बेडूक. बसतोय की उडी मारतोय तेच कळत नाही."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. हिचा घटस्फोट झाला तेव्हा आठवडाभर सोबतीला म्हणून आली होती, ती राहिलीच. केकच्या दुकानात गल्ला सांभाळणं आणि नाठाळ गिऱ्हाइकांना सरळ करणं ही दोन खाती तिच्याकडे होती. गुडघे मात्र पार गेले होते.

दोन्ही गाड्यांची शोरूम एकाच रस्त्यावर, समोरासमोर होती. आधी दोघी बेडकाकडे गेल्या. बेडूक तिला चालवायला फार आवडला. ॲक्सिलरेटरला पाय लागायचा अवकाश, गाडी निघालीच. पण मावशीला आत चढताना दरवाजाच्या वरच्या पट्टीला लोंबकळावं लागलं, आणि मागची काच इतकी तिरकी की बरोबर आणलेला केकचा रिकामा खोका काही केल्या उभा राहीना. "बघते, कळवते," असं म्हणून ती बाहेर पडली. मावशीचा हात धरून तिने रस्ता ओलांडला, आणि समोरच्या काचेपाशी थबकली.

आत, करड्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तिचा नवरा उभा होता. एके काळचा.

"चल, मागे फीर," मावशी म्हणाली.

"का म्हणून? आपण गाडी बघायला आलोय ना?"

"तुझा चेहरा बघ कसा झालाय. ह्या चेहऱ्याने कुणी गाडी बघत नाही."

ते खरं होतं. बाई बाहेरख्याली नवऱ्याला एक वेळ विसरते. तिचंही तसंच झालं होतं. तो कुणाबरोबर गेला, किती दिवस फसवत होता, यातलं काही आता तिला टोचत नव्हतं. टोचत होती ती एकच गोष्ट.

लग्न झालं तेव्हाही तो गाड्याच विकायचा, आणि ती घरच्या ओव्हनवर केक करायची. मित्र जमले की तो तिला "आमची भट्टी" म्हणायचा आणि सगळे हसायचे. एकदा गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली. चार थर, साखरेची फुलं. हा केक आवडला असता तर हॉटेलचं सगळं काम तिच्याकडे येणार होतं. ती सजावटीचं सामान घेऊन बसने पुढे गेली आणि केक त्याच्या हाती दिला. कंपनीची गाडी होती त्याच्याकडे, एसी होता, सरळ रस्ता होता. तो दोन तास उशिरा पोचला. केक एका अंगाला बसला होता, क्रीम वितळून तळाशी साचलं होतं. आणि वरच्या थरावर कुणीतरी बोट फिरवून चाखल्याची लांब रेघ होती, शेवटी टोकदार नखाची खूण. त्याची नखं तर तो दातांनी कुरतडायचा. कुणाला तरी जेवायला घेऊन तो कुठेतरी बसला होता आणि गाडी बंद करून उन्हात उभी होती, हे तिला त्या रेघेवरून उभ्या उभ्या कळलं.

हेही तिने गिळलं असतं. पण हॉटेलच्या मॅनेजरसमोर तो हसून म्हणाला, "घरगुती काम आहे साहेब, चालायचंच. मी तिला सांगत होतो, झेपणार नाही."

पुढे तो गेला. तिने दुकान थाटलं, नाव कमावलं, त्या हॉटेलचे उंबरे झिजवून ते कामसुद्धा परत मिळवलं. पण आजही ऑर्डर देताना ते मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "या वेळी उभा राहील ना?" गंमत म्हणूनच म्हणायचे. तिच्या मात्र पोटात तीच भट्टी पेटायची.

ती काचेचा दरवाजा ढकलून आत गेली.

त्याने पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू क्षणभर जागच्या जागी गोठलं. मग मागच्या काचेच्या केबिनकडे त्याची नजर गेली. तिथे शोरूमचे मालक बसले होते, पांढऱ्या मिशांचे, सगळीकडे लक्ष ठेवून. तो दोन्ही हात पुसत पुढे आला.

"या मॅडम, या. काय सेवा करू?" आणि ओठ न हलवता, "कशाला आलीस इथे?"

"गाडी बघायला," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही सगळ्याच गिऱ्हाइकांना अगं-तुगं करता का?"

लग्नात ती त्याला अरे-तुरे करायची. आता 'तुम्ही' म्हणताना तिला जिभेवर काहीतरी थंडगार आणि गोड विरघळल्यासारखं वाटलं. मालकांनी मान वर केली. त्याने घाईघाईने खुर्ची ओढली, पाणी मागवलं आणि करड्या गाडीचं कौतुक सुरू केलं.

गाडी चांगली होती, हेच तिचं दुर्दैव. मागचं दार उघडल्यावर तळ सपाट, खोका आत सरकवला तर वर हातभर जागा शिल्लक. मागच्या सीटपाशी एसीचा वेगळा झोत. मावशी दार उघडून आत बसली ती खुर्चीत बसावी तशी, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "कपाट आहे खरं. पण आत जागा आहे बाई."

घरी येताना मावशीने आधी दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "बेडूक घेऊन टाक. थोडं अडजस्ट करू. मी चढेन कशीतरी."

"त्याच्यामुळे मी चुकीची गाडी घेऊ?"

"मग त्याच्याकडून घेणार आहेस? त्याच्या पदरात टाकणार?"

"मी कुठे म्हटलं कुणाच्या पदरात टाकणार म्हणून?"

मावशीने तिच्याकडे वळून पाहिलं. हे पाणी कुठे वळतंय हे तिला कळेना.

दुसऱ्याच दिवशी तिने शोरूमला फोन करून टेस्ट ड्राइव्ह मागितली, त्याचंच नाव घेऊन. तो गाडी घेऊन दुकानापाशी आला तर फुटपाथवर दोन खोके तयार.

"गाडी रोजच्या वापराला हवी," ती म्हणाली, "तर रोजच्यासारखीच चालवून बघणार. तुम्ही मागे बसा. खोक्याला हात लावून. हलता कामा नये."

तो मागे बसला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, मांडीला मांडी लावून केकचा खोका. मावशी पुढच्या सीटवर बसून आरशात बघत होती आणि अधूनमधून खोकल्याच्या निमित्ताने तोंडावर पदर धरत होती.

त्या दिवसापासून तिने त्याला कामालाच लावलं. आज चढाच्या रस्त्यावर बघायचंय. उद्या गर्दीच्या वेळी बघायचंय. परवा दवाखान्याच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वळते का ते बघायचंय. प्रत्येक खेपेला मागे केक, आणि प्रत्येक दारात खोका उचलून आत नेणारा तो. एका घरी वाढदिवसाच्या आजीने त्याला हातावर बक्षीस ठेवलं तेव्हा ती त्या आजीला म्हणाली, "घेतील, घेतील. लाजतात जरा." तो गाडीत येऊन बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ती आरसा नीट करत होती. आरसा आधीच नीट होता.

"मजा येतेय ना तुला?" शेवटी त्याने विचारलं.

"गाडी आवडतेय. सस्पेन्शन मऊ आहे."

"मग घे ना बाई एकदाची! का जीव खातेस?" आणि मग त्याने ती चूक केली. तिला गोडीत घ्यावं म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं. मालक नवी शाखा उघडत होते. तिथे प्रमुख कोण, हे महिनाअखेरीस ठरणार होतं. तो आणि त्याचा एक सहकारी, दोघांच्या गाड्या सारख्याच विकल्या गेल्या होत्या. "तो थंडोबा माझ्या बरोबरीला आला, म्हणजे माझं नशीब बघ! गिऱ्हाईक आलं तरी गरम पाणी पीत बसतो. त्याला दोन शब्द धड बोलता येत नाहीत." आणि त्याने त्या सहकाऱ्याची अडखळत बोलण्याची नक्कल केली. चांगली हुबेहूब केली. "एक गाडी, फक्त एक. तू घेतलीस की शाखा माझी. जुनं सगळं विसर. मी पण विसरलोय."

'मी पण विसरलोय' हे ऐकून तिने ब्रेक जरा जोरात दाबला. मागे खोका धरताना त्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"सॉरी हं," ती म्हणाली. "ब्रेक तिखट आहेत."

आठवड्याच्या शेवटी हॉटेलची ऑर्डर होती. तिने त्याला सांगितलं, ही शेवटची खेप, आज निर्णय. तो आनंदाने आला. हॉटेलच्या मागच्या दाराशी गाडी लागली, तसा तिने स्वतः दार उघडून त्याच्या हातात खोका दिला. स्वयंपाकघरातून, तळण्याच्या धुरातून, स्टीलच्या टेबलांमधून वाट काढत तो मागून चालला. मॅनेजर थंड खोलीपाशी उभे होते.

"या वेळी उभा राहील ना?" ते चष्म्यावरून म्हणाले.

ती हसली नाही. "त्याच्याबद्दलच बोलायचं होतं. ह्यांना ओळखलंत?"

मॅनेजरनी निरखून पाहिलं. "कुठेतरी पाहिलंय खरं."

"त्या दिवशी केक ह्यांनीच आणला होता. का पडला, ते ह्यांना माहीत आहे. ते सांगतील तुम्हाला." मग त्याच्याकडे वळून, अगदी गाडीबद्दल काही विचारावं तसं, "सांगा. मला आजच बुकिंगचं ठरवायचंय."

तो खोका धरून उभा. खाली ठेवायला जागा होती, पण तिथे ठेवा असं कुणी म्हटलं नव्हतं. दोन आचारी कांदा चिरता चिरता थांबले. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता, मग विनवणी, आणि मग हिशेब. त्याच्या डोळ्यांतली ही तीन स्टेशनं तिला पाठ होती.

"माझ्यामुळे पडला," तो म्हणाला.

"मोठ्याने. इथे पंखे फार आवाज करतात."

"माझ्यामुळे पडला! गाडी उन्हात उभी होती. मी... मी जेवायला गेलो होतो. केकमध्ये काही खोट नव्हती."

"आणि घरगुती काम म्हणालात ते?"

"चुकलं ते."

मॅनेजरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बिचाऱ्यांना कुठे बघावं कळेना. "अहो ताई, मी आपलं गमतीत म्हणायचो," ते पुटपुटले. "मला काय माहीत."

"तुमचा दोष नाही," ती म्हणाली आणि त्याच्या हातातला खोका घेऊन स्वतः थंड खोलीत ठेवला. आतल्या गारव्यात ती थोडा वेळ एकटीच उभी राहिली. झाकण उचलून पाहिलं. केक सरळ होता.

परत येताना तो गाडीत शीळ वाजवत होता. त्याला वाटलं, झालं, किंमत मोजून झाली. शोरूममध्ये शिरताना त्याने टाय सरळ केला आणि काउंटरवरच्या मुलीला दुरूनच अंगठा दाखवला.

मावशी तिथे आधीच येऊन बसली होती. पहिल्या खेपेनंतर रोजचं हिंडणं तिच्या गुडघ्यांना मानवेना, मग केक पोचवून होईपर्यंत तिला शोरूममध्येच सोडलेलं असायचं. आणि गरम पाणी पिणारा तो थंडोबा तिच्या शेजारी बसायचा. बोलायचा कमी, अडखळायचा जास्त. पण ती तिथे थांबली त्या पहिल्याच दिवशी त्याने कुठूनतरी एक बुटकं स्टूल आणून मावशीचे पाय त्यावर ठेवले होते, आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांची हकीकत सांगितली होती. मावशीला गुडघ्यांवर बोलणारं माणूस मिळालं की तिला दुसरं काही लागत नाही.

मालक केबिनमधून बाहेर आले. "अभिनंदन, ताई. कुठला रंग?"

"निळा," मावशी म्हणाली.

"करडा," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीने संगणकावर बोटं ठेवली. "बुकिंग कुणाच्या नावावर घेऊ? तुम्हाला गाडी कुणी दाखवली?"

तो पुढे सरसावला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. हात लांब करून तिने थंडोबाकडे बोट दाखवलं. थंडोबाच्या ओठाला पेला लागलेला होता, तो तसाच राहिला.

"ह्यांनी," ती म्हणाली. "माझ्या मावशीच्या पायाखाली स्टूल ठेवलं. आमच्या घरात गाडी मावशी ठरवते."

"हो," मावशी ताबडतोब म्हणाली. ही गोष्ट तिला आत्ताच कळली होती, पण पदरात पडलेला मान ती कधी परत करत नसे.

"काय?" तो ओरडला. "रोज हिच्याबरोबर मी फिरलो! हिचे केक वाहिले मी, हमालासारखे! आज त्या हॉटेलात हिने माझं नाक कापलं, तेही सहन केलं, आणि ही आता..."

"हिने? हिच्याबरोबर?" मालकांची मिशी हलली. "ग्राहकाशी असं बोलता तुम्ही?"

"ग्राहक कसली! बायको होती माझी!"

एक जोडपं लाल गाडीत बसून बटणं दाबत होतं, ते दाबायचं थांबलं.

"खरं आहे का, ताई?" मालकांनी हळूच विचारलं.

"होते," ती म्हणाली. "तेव्हा ह्यांनी मला गाडी कधी दाखवली नाही. आता ग्राहक आहे, तर दाखवली. तेवढ्याबद्दल आभार मानते मी त्यांचे. बुकिंग मात्र ह्या स्टूलवाल्यांच्या नावावर घ्या."

थंडोबाने पेला खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. "म-मॅडम," तो म्हणाला, "मी काही... केलं नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली.

एके काळचा नवरा बाहेर निघून गेला. काचेचं दार आपटता येईल असं नव्हतं. ते आपलं सावकाश, उसासा टाकत बंद झालं.

नवी शाखा थंडोबाला मिळाली. नवरा महिनाभरातच समोरच्या शोरूममध्ये गेला आणि बेडूक विकू लागला. हॉटेलच्या मॅनेजरनी पुढच्या ऑर्डरला चष्म्यावरून पाहिलं, तोंड उघडलं, आणि "किती वाजता पाठवाल?" एवढंच विचारलं. कपाट दुकानामागच्या गल्लीत वळू लागलं. मावशी रोज खुर्चीत बसावी तशी बसू लागली, आणि निळा असता तर किती शोभला असता, हेही रोज म्हणू लागली.

पहिले काही दिवस ती नुसती तरंगत होती. क्रीम फेटताना मध्येच हसायची. रात्री पडल्या पडल्या तिला तो हातात खोका घेऊन उभा दिसायचा आणि गाढ झोप लागायची. मग एका सकाळी उठली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आज कुणाला छळायचं, असा प्रश्न पडला. तिने ते मावशीला सांगितलं.

"समाधान झालं ना?" मावशीने विचारलं.

"झालं. पण अजून थोडं हवं होतं."

"हे म्हणजे तुझ्या गिऱ्हाइकांसारखं झालं," मावशी म्हणाली आणि गल्ल्यावर जाऊन बसली.

मग एका दुपारी मावशीला घेऊन जाताना सिग्नलला तिच्या शेजारी एक निळी गाडी येऊन थांबली. तो एकटाच होता. त्याने आधी समोर पाहिलं, मग इकडे, मग काच खाली केली. थोडा वाळल्यासारखा दिसत होता.

"बरी चालते ना गाडी?" त्याने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

"चालते," ती म्हणाली, आणि बटण दाबून काच वर घेतली.

"दोन शब्द बोलली असतीस," मावशी म्हणाली. "माणूस उतरलाय गं."

"दोनच शब्द बोलायचे असते तर मी इतकी वर्षं थांबले नसते."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. निळी गाडी एका उडीत पुढे निघून गेली. ती गिअर टाकून सावकाश निघाली, कारण मागे केक होता, आणि वळणानंतरचा रस्ता खोदून ठेवलेला होता.